ओंजळभर कांदे आणि अख्खी ट्रॉली: संख्याशास्त्रीय अनुमानाची तोंडओळख

लासलगावच्या किंवा पिंपळगाव बसवंतच्या बाजार समितीत सकाळचा कांद्याचा लिलाव ज्यांनी पाहिला आहे, त्यांनी संख्याशास्त्राचा एक अवघड प्रश्न डोळ्यांदेखत सुटताना, आणि कधी कधी फसतानाही, पाहिला आहे. ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या रांगेने उभ्या असतात, व्यापाऱ्यांचा घोळका एकीकडून दुसरीकडे सरकत जातो, कोणी वरचे चार-पाच कांदे उचलून हातात फिरवतो, एखादा अंगठ्याने दाबून पाहतो, आणि पाहता पाहता वीस-पंचवीस क्विंटल मालाचा भाव ठरून जातो. पुढे ती ट्रॉली व्यापाऱ्याच्या खळ्यावर रिकामी होते, तळातून गोलटी, म्हणजे बारीक कांदा, किंवा कोंब फुटलेला माल बाहेर येतो, आणि मग वांधा निघतो. शेतकरी म्हणतो, भाव बोलून झाला आहे. व्यापारी म्हणतो, जे दाखवले ते हे नव्हे.

पदवीच्या अभ्यासक्रमात 'संख्याशास्त्रीय अनुमान' या नावाने जो विषय असतो, तो या वांध्याचाच विषय आहे, असे मी नाशिकमध्ये हा पेपर शिकवताना पहिल्या तासाला सांगतो. जे पाहिले त्यावरून न पाहिलेल्याविषयी किती बोलावे, आणि बोलताना चुकण्याचा धोका किती आहे हे आधीच कसे सांगून ठेवावे, एवढाच त्याचा प्रश्न आहे. मुलांना लगेच 'शितावरून भाताची परीक्षा' ही म्हण आठवते. म्हण खरी आहे, पण भाताबाबत. भाताला उकळी फुटलेली असते, पाण्याने सगळी शिते वरखाली केलेली असतात, त्यामुळे कुठलेही शीत दुसऱ्यासारखेच शिजलेले असते. ट्रॉलीला उकळी फुटत नाही. तिच्यात माल भरणाऱ्याने जसा भरला तसाच असतो, आणि भरणाऱ्यालाही वरून कोण पाहणार आहे हे ठाऊक असते.

काही शब्द आधी घ्यावे लागतील. ज्याच्याविषयी आपल्याला बोलायचे आहे तो सगळा माल, म्हणजे ट्रॉलीतले सगळे कांदे, ही समष्टी. त्यातून उचलून प्रत्यक्ष तपासलेले कांदे हा नमुना. समष्टीतील खराब कांद्यांचे खरे प्रमाण हा प्राचल. तो एक ठाम आकडा असतो, मात्र तो कोणालाच माहीत नसतो. नमुन्यातील खराब कांद्यांचे प्रमाण आपल्याला माहीत असते, पण ते ठाम नसते, कारण दुसरे कांदे उचलले असते तर दुसरे प्रमाण आले असते. या शेवटच्या वाक्याशी विद्यार्थी फारसे थांबत नाहीत. ते सूत्रांकडे धावतात. माझ्या मते सगळा विषय त्या 'असते तर' मध्ये आहे आणि ज्याला तो उमगला नाही, त्याला पुढची सूत्रे पाठ होतात, पण कळत नाहीत.

म्हणून मी वर्गात हरभरे घेऊन जातो. एका डब्यात मोजून १४०० काबुली आणि ६०० काळे हरभरे, म्हणजे काळ्यांचे प्रमाण बरोबर ३० टक्के. ४० विद्यार्थ्यांच्या वर्गात प्रत्येकाने डबा हलवून, डोळे मिटून ५० दाणे काढायचे, काळे मोजायचे, दाणे परत टाकायचे आणि फळ्यावरच्या आडव्या रेषेवर आपल्या आकड्याच्या जागी एक फुली मारायची. एकाला १२ काळे मिळतात, एकीला १७, कोणाला ९, कोणाला २०. पहिल्या दहा फुल्यांपर्यंत फळ्यावर नुसता पसारा दिसतो. विसाव्या-पंचविसाव्या फुलीनंतर मात्र १५ च्या आसपास ढीग वाढू लागतो, दोन्ही बाजूंना तो उतरत जातो आणि चाळिसाव्या फुलीपर्यंत एक ओबडधोबड घुमट तयार झालेला असतो. कोणालाही ३० टक्के हा आकडा सांगितलेला नसतो, तरी घुमटाचे शिखर त्याच्याच आसपास असते.

या घुमटाला नमुना-वितरण म्हणतात. तो हरभऱ्यांचा घुमट नाही, कारण हरभरे दोनच प्रकारचे आहेत. तो नमुन्यांच्या उत्तरांचा घुमट आहे. त्याची रुंदी ज्या मापाने सांगतात त्याला प्रमाण त्रुटी हे नाव आहे. 'त्रुटी' या शब्दाने गोंधळ होतो, कारण येथे कोणी काही चुकवलेले नसते. नशिबाने कमीजास्त दाणे हाती येतात, त्या कमीजास्तपणाचे ते माप आहे. ३० टक्क्यांना ७० टक्क्यांनी गुणायचे, ५० ने भागायचे आणि वर्गमूळ काढायचे, की साधारण साडेसहा टक्के येतात, म्हणजे ५० दाण्यांत सव्वातीन दाणे. घुमटातल्या सुमारे ९५ टक्के फुल्या मध्यापासून दोन प्रमाण त्रुट्यांच्या आत, म्हणजे ९ ते २१ दाण्यांच्या दरम्यान पडतात. नमुना पुरेसा मोठा असला की मूळ माल कसाही असो, सरासरीचा हा घुमट घंटेच्या आकाराच्या प्रसामान्य वितरणाकडे झुकतो. द म्वाव्र यांनी १७३३ मध्ये नाणेफेकीसारख्या साध्या प्रकारात हे पाहिले आणि लाप्लास यांनी १८१० च्या सुमारास त्याला व्यापक रूप दिले. पुस्तकांत याला केंद्रीय सीमा प्रमेय म्हणतात. त्याची सिद्धता सुंदर आहे, पण पहिल्या वाचनात ती सोडून दिली तरी चालते.

खळ्यावरच्या व्यापाऱ्याकडे, किंवा कोणत्याही संशोधकाकडे, चाळीस फुल्या नसतात. त्याच्याकडे एकच फुली असते. बाकीचा घुमट त्याला डोळ्यांपुढे आणावा लागतो, आणि आपली एकुलती एक फुली त्या न दिसणाऱ्या घुमटात शिखरावर बसली आहे की कडेला, हे त्याला कधीच कळणार नसते. सगळे अनुमान हे त्या न काढलेल्या नमुन्यांविषयीचे बोलणे आहे.

एका वर्षी माझा हा प्रयोग फसला आणि त्यातून जे शिकवता आले ते एरवी आले नसते. डबा स्कूटरच्या डिकीत ठेवून मी नाशिकरोडहून कॉलेजात आलो होतो. रस्ते खोदलेले होते. काळा हरभरा काबुलीपेक्षा लहान असतो, आणि धक्के बसत राहिले की लहान दाणे मोठ्यांच्या फटींतून खाली उतरतात. त्या दिवशी घाईत डबा हलवायचेही राहून गेले आणि मुलांनी वरवरचेच दाणे काढले. घुमट नेहमीसारखाच देखणा झाला, फक्त १५ ऐवजी ११ च्या आसपास. वर्गाला काही खटकले नाही. मी स्वतः खरा आकडा जाणत होतो म्हणून मला खटकले. आणखी चारशे मुलांकडून दाणे काढून घेतले असते, तर तो चुकीच्या जागी बसलेला घुमट अधिकच नीटस झाला असता, एवढेच.

नशिबाची चूक आणि पद्धतीची चूक यांतला हा फरक आहे. पहिली नमुना वाढवला की कमी होते आणि तिचे माप सूत्राने काढता येते. दुसरी, जिला अभिनती म्हणतात, नमुना वाढवून जात नाही आणि आकड्यांकडे पाहून दिसतही नाही. तिच्यावर उपाय एकच, तो म्हणजे निवड यादृच्छिक करणे: कोणता कांदा उचलायचा हे हाताला, डोळ्याला किंवा सोयीला ठरवू न देता चिठ्ठीवर किंवा यादृच्छिक संख्यांच्या तक्त्यावर सोपवणे.

शेतीशी संबंध असलेल्या वाचकांना याचे एक जुने उदाहरण जवळचे वाटेल. पिकाचे उत्पन्न पूर्वी नजरेने ठरवत आणि आणेवारी हा शब्द त्यातूनच आला. आजही नजर पैसेवारी ऐकू येते. त्याऐवजी यादृच्छिक पद्धतीने निवडलेल्या शेतात ठरावीक मापाचा तुकडा आखून तेवढेच पीक कापायचे आणि वजन करायचे, या पीक कापणी प्रयोगांची भारतात घडी बसवणाऱ्यांत सातारा जिल्ह्यातील बुध गावचे पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांचे नाव अग्रभागी येते. बंगालमध्ये तागाची पाहणी करणारे प्रशांतचंद्र महालनोबिस लहान लहान तुकडे पुष्कळ ठिकाणी कापण्याच्या बाजूचे होते. सुखात्मे यांनी १९४० च्या दशकात दाखवून दिले की तुकडा फार लहान असला तर उत्पन्न खऱ्यापेक्षा जास्त भरते. कारण अगदी साधे आहे: सीमेवर आलेले रोप आत घ्यायचे की बाहेर ठेवायचे असा प्रश्न पडला की कापणाऱ्याचा हात ते आत घेण्याकडे वळतो, आणि तुकडा जितका लहान तितका त्याच्या क्षेत्राच्या मानाने काठ जास्त. कापणाऱ्याच्या मनात खोट नसते. असे हजार तुकडे कापले तरी ती वाढ सरासरीत तशीच राहते.

आता निवड नीट झाली आहे असे धरून पुढे जाऊ. समजा, निफाडकडच्या एका शेतकऱ्याच्या कांदा साठवायच्या चाळीत २० टन उन्हाळ कांदा आहे; सरासरी कांदा ८० ग्रॅमचा धरला तर हे सुमारे अडीच लाख कांदे झाले. भाव पाहून आता विकावा की थांबावे हे ठरवण्यासाठी त्याला खराब मालाचे प्रमाण हवे आहे. चाळीचे कप्पे, प्रत्येक कप्प्याची लांबी आणि खोली यांना क्रमांक देऊन, चिठ्ठ्या काढून त्याने ४०० कांदे तपासले. (हे सांगायला सोपे आहे. चिठ्ठीवर मधल्या कप्प्याचा तळ आला की तेथपर्यंत उकरत जाणे किती जिकिरीचे असते हे मला ठाऊक आहे, आणि कांदा जास्त सडतो तोही नेमका तेथेच, जेथे हवा पोहोचत नाही.) त्यांपैकी ६० खराब निघाले, म्हणजे १५ टक्के. प्रमाण त्रुटी १.८ टक्क्यांच्या जवळपास येते आणि तिच्या जवळजवळ दुप्पट अंतर दोन्ही बाजूंना घेतले की साडेअकरा ते साडेअठरा टक्के हा पट्टा मिळतो. याला ९५ टक्के विश्वास अंतराल म्हणतात.

या हिशेबात चाळीचा आकार कोठेच आला नाही, हे बहुतेकांना पटत नाही. चाळीत २० टनांऐवजी २०० टन असते तरी ४०० कांद्यांच्या नमुन्याने पट्टा जवळपास तेवढाच रुंद आला असता, कारण रुंदी ठरते ती नमुन्यातील संख्येवरून. नमुना मालाच्या मानाने अगदीच नगण्य असला की मालाचा आकार गौण होतो. दुसरी गोष्ट खिशाला जाणवणारी आहे. पट्टा निम्मा करायचा तर कांदे दुप्पट नव्हे, चौपट तपासावे लागतात, कारण संख्या वर्गमुळाखाली बसलेली असते. १०० कांद्यांना पट्टा दोन्ही बाजूंना सात टक्क्यांचा, ४०० ना साडेतीन, १६०० ना पावणेदोन. कोठेतरी थांबावे लागते, आणि कोठे थांबायचे हे सूत्र नव्हे तर मजुरी ठरवते.

'९५ टक्के' या शब्दांचा अर्थ मात्र परीक्षेत निम्मा वर्ग चुकवतो. खरे प्रमाण या पट्ट्यात असण्याची शक्यता ९५ टक्के आहे, असे ते लिहितात. जर्झी नेमन यांनी १९३७ मध्ये ही कल्पना मांडली ती वेगळी होती. खरे प्रमाण हलत नाही, ते जेथे आहे तेथेच आहे. हलतो तो पट्टा. याच पद्धतीने पुन्हा पुन्हा नमुने घेऊन पुन्हा पुन्हा पट्टे आखत गेलो, तर त्यांतले सुमारे ९५ टक्के पट्टे खऱ्या आकड्याला गाठतात. आपल्या हातातला पट्टा गाठणाऱ्यांतला आहे की चुकणाऱ्यांतला, हे त्याच्या तोंडावर लिहिलेले नसते. हरभऱ्यांच्या वर्गात मी प्रत्येकाला स्वतःचा पट्टा आखायला लावतो. चाळिसांत दोघेतिघे असे निघतातच, ज्यांच्या पट्ट्यात ३० टक्के येत नाहीत. ते खजील होतात, मोजणी पुन्हा करतात, खोडरबर मागतात. त्यांनी काहीही चुकवलेले नसते. चाळिसांचे पाच टक्के दोन होतात. कोणाला तरी ते दोन व्हावेच लागते.

नमुना लहान असेल तर आणखी एक अडचण येते. द्राक्षबागेतून फार घड तोडून पाहता येत नाहीत. समजा, दिंडोरीच्या एका बागेत चिठ्ठ्यांनी निवडलेल्या १० वेलींच्या घडांची गोडी मीटरवर पाहिली आणि सरासरी १७.२ ब्रिक्स, प्रमाण विचलन (घडाघडांतल्या पसाऱ्याचे माप) १.१ आले. प्रमाण त्रुटीसाठी १.१ ला १० च्या वर्गमुळाने भागायचे, ती ०.३५ येते. पण हे १.१ सुद्धा त्याच दहा घडांवरून काढलेला अंदाज आहे, तोही डळमळीत आहे, आणि नेहमीच्या 'सुमारे दोन'ने (नेमके १.९६) गुणले तर आपण उगाच जास्त खात्रीने बोलतो. डब्लिनच्या गिनेस बिअर कारखान्यातील विल्यम गॉसेट यांना बार्लीच्या छोट्या छोट्या प्रयोगांत हीच अडचण भेडसावत होती. त्यांनी १९०८ मध्ये 'स्टुडंट' या टोपणनावाने तिचे उत्तर प्रसिद्ध केले. आज त्याला टी-वितरण म्हणतात. दहा घडांसाठी त्याच्या तक्त्यात १.९६ ऐवजी २.२६ हा आकडा मिळतो, आणि पट्टा १६.४ ते १८.० असा येतो.

खरेदीदाराची अट किमान १६ ब्रिक्सची असेल तर बागायतदार खूश होईल, पण येथे जरा थांबायला हवे. हा पट्टा बागेच्या सरासरीचा आहे, घडांचा नाही. एकेका घडाची गोडी १.१ च्या विचलनाने पसरलेली आहे, म्हणजे १५ ब्रिक्सचा घड निघाला तरी नवल नाही, आणि खरेदीदाराच्या माणसाच्या हाती नेमका तोच आला तर सरासरीचा दाखला तेथे कामाचा नाही. प्रमाण विचलन मालाचा पसारा सांगते आणि प्रमाण त्रुटी आपल्या अंदाजाचा; शोधनिबंधांतसुद्धा या दोहोंची सरमिसळ झालेली मी पाहिली आहे.

अभ्यासक्रमाचा मधला मोठा भाग चांगला अंदाज कशाला म्हणावे यावर खर्च होतो: तो सरासरीने खऱ्या आकड्यावर पडावा, नमुना वाढेल तसा त्याच्याकडे सरकावा, नमुन्यातील माहिती वाया घालवू नये. रोनाल्ड फिशर यांनी १९२० च्या दशकात यासाठी महत्तम शक्यतेची पद्धत रूढ केली. प्राचलाच्या ज्या किमतीला हाती आलेला नमुना येण्याची शक्यता सर्वांत जास्त, ती किंमत निवडायची. या पद्धतीतील समीकरणाच्या उत्तरांविषयी कोल्हापूरचे वसंत शंकर हुजूरबाजार यांचे १९४८ चे काम जगभर उद्धृत होते, आणि पुणे विद्यापीठाचा संख्याशास्त्र विभाग ज्यांनी उभा केला ते हेच. या भागात गणित पुष्कळ आहे आणि ते मुलांना झेपते. त्यांना न झेपणारी गोष्ट पुढे येते, आणि तीत गणित फारसे नसते.

ती म्हणजे परिकल्पना-परीक्षण. नाशिकमध्ये चुलीवरच्या मिसळीची पाटी जागोजागी दिसते, आणि चुलीवरचा रस्सा आपण जिभेवर ठेवताक्षणी ओळखतो असे सांगणारा एक तरी मित्र प्रत्येकाला असतो. त्याची परीक्षा घ्यायची आहे. एकाच मसाल्याचा रस्सा, चार वाट्या चुलीवरच्या, चार गॅसवरच्या. आठही वाट्या सारख्या गरम, क्रम चिठ्ठ्यांनी ठरवलेला. चार-चार आहेत हे मित्राला सांगायचे आणि चुलीवरच्या चार वेगळ्या काढायला लावायच्या. फिशर यांनी १९३५ मध्ये चहात आधी दूध घातले की नंतर, हे ओळखण्याचा दावा करणाऱ्या एका बाईंवरून हीच रचना मांडली होती. मी फक्त पदार्थ बदलला आहे.

आता क्षणभर असे धरायचे की मित्राच्या जिभेला काहीच कळत नाही. या धरून चालण्याला शून्य परिकल्पना म्हणतात. आठांतून चार वाट्या ७० प्रकारांनी निवडता येतात, त्यांतला एकच प्रकार पूर्ण बरोबर. म्हणजे नुसत्या अंदाजाने चारही ओळखण्याची शक्यता ७० त १, जेमतेम दीड टक्का. तीन बरोबर येण्याचे १६ प्रकार आहेत. तेव्हा तीन किंवा जास्त बरोबर येण्याची शक्यता ७० त १७, सुमारे २४ टक्के. काहीच कळत नाही असे धरले असता, जे घडले तेवढे किंवा त्याहून सरस यश मिळण्याची जी शक्यता, तिला पी-मूल्य म्हणतात. चारही वाट्या ओळखल्या तर आपण म्हणतो: एक तर सत्तरांत एकदा घडणारी गोष्ट आज घडली, नाहीतर याच्या जिभेला खरेच काही कळते. तीनच ओळखल्या तर म्हणण्याजोगे काही उरत नाही, कारण चौघांतला जवळजवळ एक अडाणीसुद्धा तेवढे करून दाखवतो.

पी-मूल्य दीड टक्का आले म्हणजे 'जिभेला काही कळत नसण्याची शक्यता दीड टक्का' असे मात्र नव्हे. वाक्य उलटे केले की अर्थ बदलतो. भारतातून निर्यात होणारी बहुतेक द्राक्षे नाशिक जिल्ह्यातली असतात, यावरून नाशिक जिल्ह्यातली बहुतेक द्राक्षे निर्यात होतात असे कोणी म्हणणार नाही. बराचसा माल देशातच विकला जातो. तरीही पी-मूल्याचे वाक्य मात्र वर्तमानपत्रांपासून प्रबंधांपर्यंत सर्रास उलटे लिहिले जाते. अमेरिकन स्टॅटिस्टिकल असोसिएशनला २०१६ मध्ये यावर स्वतंत्र निवेदन काढावे लागले, आणि पी-मूल्य पाच टक्क्यांच्या रेघेखाली आले की नाही एवढ्यावरच निष्कर्ष काढू नयेत असेही त्यात म्हटले होते. ती पाच टक्क्यांची रेघ काही निसर्गाने आखलेली नाही; फिशर यांनी १९२५ च्या पुस्तकात ती सोयीची म्हणून सुचवली आणि ती चिकटून बसली.

नेमन आणि एगॉन पिअरसन यांनी १९३३ मध्ये या प्रश्नाकडे निर्णय म्हणून पाहिले, आणि तेथे आपण पुन्हा ट्रॉलीपाशी येतो. व्यापारी दोन प्रकारे चुकू शकतो: चांगल्या ट्रॉलीचा भाव पाडणे ही पहिली चूक, खराब ट्रॉली चांगल्या भावाने घेणे ही दुसरी. पहिलीत शेतकरी मरतो, दुसरीत व्यापारी. पाहिलेल्या कांद्यांची संख्या तेवढीच ठेवून एक चूक कमी करायला गेले की दुसरी वाढते. दोन्ही एकदम कमी करायच्या तर जास्त कांदे पाहावे लागतात आणि लिलावाला तेवढा वेळ नसतो. चार कांदे पाहून 'काही दोष आढळला नाही' असे म्हणणे आणि माल निर्दोष आहे असे म्हणणे यांतले अंतरही येथेच कळते. २० टक्के खराब असलेल्या ट्रॉलीतून यादृच्छिक पद्धतीने उचललेले चारही कांदे चांगले निघण्याची शक्यता ४१ टक्के असते. दोष पकडण्याच्या या क्षमतेला परीक्षणाची शक्ती म्हणतात आणि पहिल्या अभ्यासक्रमात तिच्यावर जेमतेम एक तास खर्च होतो, हे मला कायम खुपत आले आहे.

द्राक्षबागायतदारांना एक सावधगिरी सांगण्यासारखी आहे. छाटणीच्या हंगामात बाजारात टॉनिकांचा सुळसुळाट होतो, आणि प्रत्येकाजवळ कोणत्या तरी प्लॉटचे आकडे असतात. समजा, वीस टॉनिके अगदी निरुपयोगी आहेत आणि प्रत्येकाची पाच टक्क्यांच्या रेघेवर प्रामाणिकपणे चाचणी झाली. तरी त्यांतले निदान एक 'उपयोगी' ठरण्याची शक्यता ६४ टक्के आहे, कारण वीसच्या वीस चाचण्या बरोबर उत्तर देण्याची शक्यता ०.९५ चा विसावा घात, म्हणजे फक्त ३६ टक्के. शिवारफेरीत आपल्याला दाखवतात ते तेवढे एकच. बाकीच्या एकोणीस प्लॉटांवर कोणी पाटी लावत नाही. तेव्हा हा आकडा किती चाचण्यांतून निवडून आणला आहे, आणि टॉनिक मारलेल्या ओळी चिठ्ठीने निवडल्या होत्या की पाण्याच्या पाइपाजवळच्या होत्या, एवढे दोन प्रश्न विचारावेत. आणि पी-मूल्य कितीही लहान असले तरी गोडी किती वाढली हे निराळे विचारावे. हजारो घड मोजले तर पाव टक्का ब्रिक्सचा फरकसुद्धा रेघ ओलांडतो, पण तेवढ्याने औषधाचा खर्चही निघत नाही.

लिलावातला एक भाग या सगळ्या हिशेबात आलेला नाही. जुना व्यापारी वरचे चारच कांदे पाहतो हे खरे, पण ट्रॉलीवर कोण उभा आहे तेही तो पाहतो. या माणसाचा माल आपण दहा वर्षे घेत आलो आहोत, तळातही तो वरच्यासारखाच असतो, हे त्याला ठाऊक असते आणि त्याची बोली त्या ओळखीतून येते. नेमन यांच्या पद्धतीत या आधीच्या माहितीला जागा नाही. पट्टा फक्त समोरच्या नमुन्यावर आखायचा. ही ओळख आकड्यांत मांडून नमुन्याशी जोडण्याची रीत थॉमस बेझ यांच्या लेखात सापडते, जो त्यांच्या मृत्यूनंतर १७६३ मध्ये छापला गेला, आणि खऱ्या प्रमाणाची शक्यता किती, हे जे वाक्य मी परीक्षेत चूक देतो, ते त्या रीतीत बिनदिक्कत लिहिता येते. मात्र त्यासाठी नमुना उचलण्याआधी आपला समज काय होता हे आकड्यांत लिहून द्यावे लागते, आणि अनोळखी शेतकऱ्याच्या ट्रॉलीसमोर तो आकडा काय लिहायचा यावरून संख्याशास्त्रज्ञांचा आपसातला वांधा अजून मिटलेला नाही.